खातं सोडलं, बाक सोडला नाही : आयझॅक फुट आणि बॉडमिनची जागा

1930 च्या नोव्हेंबरात लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. आपल्याकडून कोण गेलं होतं, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. डॉ. आंबेडकर होते, बॅ. जयकर होते, डॉ. मुंजे होते. टेबलाच्या पलीकडे ब्रिटिश पक्षांची माणसं बसली होती. त्यांत लिबरल पक्षाचे चौघे : लॉर्ड रीडिंग, लॉर्ड लोथियन, सर रॉबर्ट हॅमिल्टन आणि आयझॅक फुट. रीडिंग माजी व्हाइसरॉय, म्हणून ते आपल्याला माहीत असतात. लोथियन मताधिकार समितीमुळे ठाऊक असतात, कारण डॉ. आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. चौथ्या नावाशी मात्र आपण थांबत नाही. मीही बरीच वर्षं थांबलो नव्हतो.

हे फुट प्लिमथचे वकील. कॉर्नवॉलमधल्या बॉडमिन या खेडवळ मतदारसंघाचे खासदार. ते तिथे पाच वेळा निवडून आले आणि चार वेळा हरले. पक्ष खचत असताना गावाकडचा एक प्रामाणिक खासदार कोणत्या वळणावर काय ठरवतो आणि त्याचं मोल कधी भरतो, हे समजून घ्यायला यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला सापडलेलं नाही. सगळ्या कहाणीचा गाभा सप्टेंबर 1932 मधल्या एका राजीनाम्यात आहे, पण तिथे पोचायला थोडं मागून यावं लागेल.

पार्श्वभूमी

फुट यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1880 चा, प्लिमथ शहरातला. वडील सुतार. शवपेट्या करून अंत्यविधीची व्यवस्थाही तेच पाहत. घर मेथॉडिस्ट, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेरच्या एका ख्रिस्ती पंथाचं. दारूला घरात थारा नाही. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. काही काळ लंडनला सरकारी कचेरीत काम केलं, मग प्लिमथला परतून वकिली शिकले. 1902 मध्ये सनद मिळाली आणि पुढच्याच वर्षी एका भागीदाराबरोबर स्वतःची कचेरी उघडली. 1907 मध्ये नगरपालिकेत निवडून आले. आयुष्यभर रविवारी प्रार्थनामंदिरात प्रवचन देत राहिले.

प्लिमथ डेव्हन परगण्यात. टेमार नदी ओलांडली की कॉर्नवॉल लागतं. सॉल्टॅशला ब्रुनेलचा रेल्वेपूल 1859 पासून होता, पण गाडीवाटेने जायचं तर तिथे तरीशिवाय, म्हणजे फेरीबोटीशिवाय, इलाज नव्हता. रस्त्याचा पूल झाला 1961 साली, फुट गेल्यानंतर. म्हणजे प्लिमथहून बॉडमिन मतदारसंघात सभेला जाणारा हा माणूस मोटारीने निघाला तर सॉल्टॅश किंवा टॉरपॉइंटला तरीची वाट बघत थांबायचा, आणि रात्री सभा आटोपून पुन्हा त्याच काठावर. 1927 मध्ये त्यांनी कॅलिंग्टनजवळ पेन्क्रेबार नावाचं घर घेतलं. तेव्हा कुठे मतदार आणि खासदार नदीच्या एका बाजूला आले.

त्या मतदारसंघात कोण राहत होतं? टेमारच्या उतारावर स्ट्रॉबेरी आणि फुलं पिकवणारे बागायतदार, दुभत्या गाईंवर संसार चालवणारे लहान शेतकरी, त्यांच्याकडे राबणारे शेतमजूर, लू आणि फोई बंदरांतले मच्छीमार आणि खलाशी, लिस्कर्ड-बॉडमिनसारख्या बाजारगावांतले दुकानदार. गावोगावी मेथॉडिस्ट प्रार्थनामंदिरं. जमीनदार इंग्लंडच्या राजमान्य चर्चला जाणार आणि हुजूर पक्षाला मत देणार, त्याची कुळं मेथॉडिस्ट मंदिरात जाणार आणि लिबरल पक्षाला मत देणार, अशी जुनी विभागणी होती. उमेदवार प्रवचन देऊ शकतो ही इथे फार मोठी जमेची बाजू. ज्या सुरात लोकांनी लहानपणापासून बायबल ऐकलं, त्याच सुरात फुट त्यांच्याशी मुक्त व्यापारावर बोलत.

डिसेंबर 1910 मध्ये त्यांनी ही जागा पहिल्यांदा लढवली आणि 41 मतांनी गेली. समोर होते जनरल पोल-केऱ्यू, तिथलेच बडे जमीनदार. 1918 मध्ये पुन्हा उभे राहिले. या वेळी लिबरल पक्षच दुभंगला होता. पंतप्रधान लॉइड जॉर्ज हुजूर पक्षाबरोबर संयुक्त सरकार चालवत होते आणि त्या सरकारचं शिफारसपत्र ज्याच्या हाती, तो तरत होता. फुट जुने नेते ॲस्क्विथ यांच्या बाजूला राहिले. शिफारसपत्र नाही, जागाही नाही. 1919 मध्ये प्लिमथच्या सटन विभागात पोटनिवडणूक झाली, तिथेही ते तिसऱ्या क्रमांकावर गेले. ती नॅन्सी ॲस्टर यांनी जिंकली आणि ब्रिटिश संसदेत प्रत्यक्ष बसणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव इतिहासात गेलं. फुट आणि ॲस्टर यांची पुढे चांगली मैत्री झाली, हे मला त्या काळाच्या राजकारणाबद्दल बरंच सांगून जातं.

मग फेब्रुवारी 1922. बॉडमिनचे खासदार सर चार्ल्स हॅन्सन वारले आणि पोटनिवडणूक लागली. सरकारने आदल्या उन्हाळ्यात शेतमालाच्या हमीभावाचा कायदा मागे घेतला होता आणि त्याच झटक्यात शेतमजुरांचं वेतनमंडळही गेलं होतं. धान्याचे भाव कोसळत असताना दिलेला शब्द मोडला, ही सल शेतकऱ्याच्या आणि मजुराच्याही मनात होती. मोजणीत फुट यांना 13,751 मतं पडली, सरकारी उमेदवाराला 10,610. बाराएक वर्षांच्या पराभवांनंतर 3,141 मतांनी विजय. त्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत आणि 1923 मध्ये त्यांनी जागा राखली. 1924 मध्ये पक्षाचे अवघे 40 खासदार उरले, त्या लाटेत बॉडमिनही गेलं. 1929 मध्ये ते परत आले आणि त्या वर्षी कॉर्नवॉलच्या पाचही जागा लिबरल पक्षाने जिंकल्या.

हे शेवटचं वाक्य वाचून भुलायला होतं, म्हणून शेजारचे आकडे सांगायला हवेत. 1929 मध्ये देशभरात लिबरल पक्षाला 53 लाखांच्या आसपास मतं होती आणि खासदार 59. मजूर पक्षाला 84 लाखांच्या आसपास, आणि खासदार 287. तिसऱ्या पक्षाची मतं देशभर पातळ पसरली की हाती काही लागत नाही. एखाद्या कोपऱ्यात ती दाट असली तर तेवढा कोपरा हिरवा दिसतो. कॉर्नवॉल तसा कोपरा होता.

अडचण काय होती

ऑगस्ट 1931 मध्ये पौंडावर संकट आलं, मजूर सरकार कोसळलं आणि मॅक्डोनल्ड यांच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय म्हणवणारं राष्ट्रीय सरकार बनलं. हर्बर्ट सॅम्युएल यांच्या मागे लिबरल पक्ष त्यात गेला. फुट यांना खाण खातं मिळालं. खातं व्यापार मंडळाच्या अखत्यारीतलं, दुय्यम मंत्र्याचं, पण कोळशावर चालणाऱ्या देशात हलकं मुळीच नव्हे.

ऑक्टोबरात निवडणूक झाली. बॉडमिनमध्ये फुट यांच्यासमोर कोणीच उभं राहिलं नाही. हुजूर पक्ष सरकारातला भागीदार, त्याने उमेदवार दिला नाही. मजूर पक्षानेही दिला नाही. फुट बिनविरोध निवडून आले.

माझ्या मते 1935 च्या पराभवाची पहिली वीट इथे बसली. बिनविरोध निवडून येणं म्हणजे उधारी असते. 1929 मध्ये लिबरल आणि हुजूर मतदार एकमेकांविरुद्ध मत देऊन घरी गेले होते. 1931 मध्ये दोघांनाही मतपेटीपर्यंत जावं लागलं नाही. मुक्त व्यापार राहणार की आयात शुल्क येणार, हा त्या निवडणुकीतला जळता प्रश्न. बॉडमिनच्या मतदाराला तो मतपत्रिकेवर विचारलाच गेला नाही. फुट यांना वाटलं असेल, लोकांनी आपल्या मुक्त व्यापारावर पुन्हा विश्वास ठेवला. हुजूर पक्षाच्या स्थानिक मंडळींना वाटलं, आपण यांना जागा सोडली. एकाच घटनेचे हे दोन हिशेब वेगवेगळ्या वह्यांत लिहिले गेले.

आणि शुल्क आलंच. डिसेंबर 1931 मध्ये हंगामाआधी येणाऱ्या परदेशी फळं-भाज्या-फुलांवर तातडीचं शुल्क बसवायचा कायदा झाला. फेब्रुवारी 1932 मध्ये नेव्हिल चेंबरलेन यांनी सरसकट दहा टक्के आयात शुल्काचं विधेयक आणलं. त्याआधीच जानेवारीत मंत्रिमंडळाने एक विचित्र तोडगा काढला होता : शुल्काला विरोध असणाऱ्या मंत्र्यांनी सरकारात राहूनच त्याविरुद्ध बोलावं आणि मत द्यावं. ‘मतभेदावर एकमत’ असं त्याला म्हणता येईल. फुट राहिले.

इथे बॉडमिनच्या जमिनीकडे बघायला हवं. मुक्त व्यापार हा कॉर्नवॉलच्या मेथॉडिस्ट घरांत जवळजवळ धर्माचा भाग होता. धान्यावर जकात होती त्या काळातली उपासमार आजोबांनी सांगितलेली. 1906 च्या निवडणुकीत एका हातात मोठा पाव आणि दुसऱ्या हातात छोटा पाव धरून लिबरल वक्ते सभा घेत : मोठा मुक्त व्यापाराचा, छोटा जकातीचा. खलाशी, मजूर, दुकानदार यांना हा हिशेब पटत होता. पण टेमारच्या उतारावरच्या बागायतदाराचा हिशेब 1932 मध्ये बदलला होता. जगभर भाव पडलेले. त्याची स्ट्रॉबेरी, त्याचा लवकरचा बटाटा आणि फुलं बाजारात पोचायच्या आत युरोप खंडातून आलेला माल भाव खाऊन जायचा. सरकारने त्या मालावर शुल्क लावलं तेव्हा त्याच्या हातात पहिल्यांदा चार पैसे राहण्याची आशा निर्माण झाली. पुढे गव्हासाठी भावफरक देणारा कायदा आला, 1933 मध्ये दूध विक्री मंडळ आलं आणि लहान गवळ्याला ठरलेला गिऱ्हाईक मिळाला. त्याचा लाडका खासदार मात्र व्यासपीठावरून सांगत होता की शुल्क हे पाप आहे.

1932 च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या ओटावा शहरात साम्राज्यातल्या देशांची परिषद झाली. तिथले करार पाच वर्षांचे होते. म्हणजे शुल्क ही तात्पुरती मलमपट्टी आहे, हा जानेवारीतला आधार निसटला. आता मतभेदावर एकमत टिकणार नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय रन्सिमन यांचा. वॉल्टर रन्सिमन कॉर्नवॉलमधल्याच सेंट आइव्हज मतदारसंघाचे लिबरल खासदार, व्यापार मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे खात्यापुरते फुट यांचे वरिष्ठच. मुक्त व्यापाराचे जुने पुरस्कर्ते. ते आणि जॉन सायमन यांचा गट शुल्क गिळून सरकारात राहिला आणि ‘लिबरल नॅशनल’ म्हणून वेगळा झाला. फुट यांनी हे केलं असतं तर मंत्रिपद राहिलं असतं, हुजूर पक्षाने पुढेही उमेदवार दिला नसता, आणि बागायतदारही खूश झाले असते. नुसत्या हिशेबाने पाहिलं तर हाच पर्याय.

दुसरा : मंत्रिपद सोडायचं, पण सरकारच्याच बाजूच्या बाकांवर बसायचं. शुल्काला विरोध, बाकीच्या बाबतीत पाठिंबा.

तिसरा : मंत्रिपद सोडून सरळ समोरच्या, म्हणजे विरोधी बाकांवर जायचं.

चौथ्याचा कोणी गंभीरपणे विचार केलेला दिसत नाही, पण मला तो मांडावासा वाटतो. खासदारकीही सोडायची आणि त्याच जागेवर लोकांसमोर नव्याने उभं राहायचं. तसं करायची सक्ती नव्हती. पण 1931 ला मतदानच झालेलं नसल्यामुळे बॉडमिनमध्ये त्याला एक वेगळं नैतिक बळ आलं असतं.

निर्णय आणि तो आठवडा

20 सप्टेंबर 1932 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये इंग्लंडचे तीन मेथॉडिस्ट पंथ एकत्र आले. फुट यांच्यासारख्या माणसाच्या आयुष्यातला हा मोठा दिवस. दुसऱ्याच्या शेजारी बसायला शंभर वर्षं नाकारणारी माणसं एका प्रार्थनेला उभी राहिली. त्याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी जातीय निवाड्याविरुद्ध प्राणांतिक उपोषण सुरू केलं. 24 ला पुणे करारावर सह्या झाल्या. 28 ला सॅम्युएल, सिंक्लेअर आणि त्यांच्याबरोबरच्या लिबरल मंत्र्यांनी राजीनामे दिले. भारतमंत्र्यांच्या हाताखालचे लोथियन गेले, खाण खात्याचे फुट गेले. मजूर पक्षातून आलेले स्नोडेनही त्याच दिवशी बाहेर पडले.

या घटनांत कार्यकारणभाव नाही आणि मी तो जोडत नाही. पण ज्या चौघांनी दोन वर्षांपूर्वी आंबेडकरांच्या समोर बसून अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची चर्चा ऐकली होती, त्यांतले दोघे पुणे करारानंतर चौथ्या दिवशी सत्तेबाहेर गेले होते. लंडनची बातमी आणि पुण्याची बातमी आपण नेहमी वेगळ्या पुस्तकांत वाचतो. ती शेजारी ठेवून बघितली पाहिजे.

राजीनाम्याचा निर्णय बरोबर होता, यात मला शंका नाही. वीस वर्षं ज्या एका मुद्द्यावर मतं मागितली, तो खुर्चीसाठी टाकला असता तर फुट यांच्याकडे उरलं काय असतं? राजाविरुद्ध संसदेच्या बाजूने लढलेल्या ऑलिव्हर क्रॉमवेलचे ते भक्त होते. माणूस जोखायची त्यांची कसोटी अशी सांगतात : 1644 च्या मार्स्टन मूरच्या लढाईत आपले पूर्वज कोणत्या बाजूने लढले असते तर तुम्हाला आवडलं असतं? राजाच्या की संसदेच्या? अशी कसोटी लावणाऱ्याला रन्सिमन यांची वाट जमणारीच नव्हती.

चूक झाली ती पुढच्या पायरीवर. पक्षाने दुसरा पर्याय घेतला. मंत्रिपदं सोडली, पण बाक तेच ठेवले. तब्बल चौदा महिने ही तळ्यात-मळ्यात अवस्था चालली. नोव्हेंबर 1933 मध्ये सॅम्युएल यांचा गट अखेर समोर जाऊन बसला. हा निर्णय एकट्या फुट यांचा नव्हता, हे खरं. पण त्याचा भुर्दंड प्रत्येकाला आपापल्या मतदारसंघात भरावा लागला, आणि खेड्यात तो जास्त पडतो. लिस्कर्डच्या बाजाराच्या दिवशी शेतकरी विचारणार : साहेब, तुम्ही सरकारचे की विरोधातले? आणि त्याला द्यायचं उत्तर एका वाक्यात बसत नव्हतं. हुजूर कार्यकर्त्याला मात्र एक वाक्य मिळालं : आम्ही यांना जागा दिली आणि हे सोडून गेले.

याच काळात फुट आणखी एका कामात गुंतले होते. एप्रिल 1933 पासून नोव्हेंबर 1934 पर्यंत भारताच्या नव्या राज्यघटनेवर दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती बसली. लिनलिथगो अध्यक्ष, फुट सदस्य. आंबेडकर, जयकर यांच्यासह भारतीय प्रतिनिधी तिथे चर्चेला होते. यातून 1935 चा कायदा आला. फुट यांना अस्पृश्यांच्या प्रश्नाची मनापासून आस्था होती, त्यामुळे समितीचं काम त्यांनी उरकलं नाही, केलं. दीड वर्षं साक्षी, कागद, कलमं. ज्या महिन्यांत बॉडमिनमध्ये घरोघरी जाऊन राजीनाम्याचं कारण सांगायला हवं होतं, त्या महिन्यांतला बराच काळ त्यांनी आपल्या प्रांतिक कायदेमंडळांचा विचार करण्यात घालवला. त्याची किंमत कोणी मोजलेली नाही, मोजताही येणार नाही. मला मात्र ती दिसते.

परिणाम

14 नोव्हेंबर 1935 ला मतदान झालं. हुजूर पक्षाने जॉन रॅथबोन हा तरुण उमेदवार दिला. रन्सिमन यांनी, त्याच परगण्यातल्या जुन्या लिबरल सहकाऱ्याने, रॅथबोन यांना उघड पाठिंबा दिला. लिबरल घरांतल्या डळमळीत मतदाराला यापेक्षा सोयीचं कारण कोण देणार? आपल्यातलाच एवढा मोठा माणूस सांगतोय. फुट हरले. देशभरात त्यांच्या पक्षाचे 21 खासदार उरले आणि खुद्द सॅम्युएल यांची जागा गेली. त्याच निवडणुकीत फुट यांचा मुलगा मायकेल, वय 22, मॉन्मथमध्ये मजूर पक्षाचा उमेदवार म्हणून उभा राहिला आणि पडला. घरातही जुना पक्ष सुटू लागला होता. हाच मायकेल पुढे मजूर पक्षाचा नेता झाला.

1937 मध्ये चेंबरलेन पंतप्रधान झाले, रन्सिमन यांना उमरावपद मिळालं आणि सेंट आइव्हजची जागा रिकामी झाली. जूनमध्ये पोटनिवडणूक. सत्तावन्न वर्षांचे फुट तिथे उभे राहिले. समोर लिबरल नॅशनलचे बीचमन, ज्यांच्यामागे हुजूर पक्ष होता. मजूर पक्ष बाजूला राहिला, त्यामुळे लढत सरळ दोघांत. बीचमन 13,044, फुट 12,834. 210 मतं.

हा आकडा मी बराच वेळ बघत बसलो होतो. बॉडमिन त्यांचं घर होतं, सेंट आइव्हज तर कॉर्नवॉलच्या दुसऱ्या टोकाला. तिथे सगळी सरकारी यंत्रणा विरोधात असताना ते 210 मतांपर्यंत पोचले. म्हणजे जुना लिबरल मतदार संपलेला नव्हता. स्वच्छ प्रश्न विचारला तर निम्मे लोक अजून तेच उत्तर देत होते. 1937 मध्ये फुट कोणाच्या बाकावर बसलेले नव्हते, कोणाची उधारी त्यांच्या डोक्यावर नव्हती.

काय वेगळं करता आलं असतं

ऑक्टोबर 1931 मध्ये समोर उमेदवार उभा करणं कोणाच्या हातात नसतं. पण बिनविरोध झाल्यावरही सभा घेता येतात. शुल्क आलं तर मी सरकारात राहणार नाही, हे फुट यांनी तेव्हाच गावोगावी जाहीर सांगून ठेवलं असतं, तर 1932 चा राजीनामा दिलेला शब्द पाळल्यासारखा दिसला असता. आधी न सांगितलेलं तत्त्व नंतर पाळलं की लोकांना ते रुसणं वाटतं.

राजीनामा जानेवारी 1932 मध्येच द्यायला हवा होता, असं एक मत मांडता येईल. मला ते पूर्ण पटत नाही. पौंडाचं संकट ताजं होतं आणि सरकार पाडणारे म्हणून लिबरलांचं नाव झालं असतं. पण सप्टेंबरात बाहेर पडल्यावर थेट समोर जायला काहीच हरकत नव्हती. अर्धा राजीनामा दिल्याने सरकारला रागही आला आणि विरोधकांना विश्वासही वाटला नाही.

सगळ्यांत मोठी उणीव शेतीची. फुट यांच्याकडे मुक्त व्यापाराचं समर्थन होतं, पण पडलेल्या भावाने मेटाकुटीला आलेल्या बागायतदाराला शुल्काऐवजी काय देणार, याचं उत्तर त्यांच्या भाषणांना पुरं पडत नव्हतं. गंमत म्हणजे पक्षाकडे उत्तरं होती. लॉइड जॉर्ज यांनी विसाच्या दशकात जमीन, कर्ज आणि ग्रामीण रोजगार यांवर सविस्तर योजना करून घेतल्या होत्या. पण 1931 नंतर ते आणि त्यांचं कुटुंब सॅम्युएल गटापासून वेगळं बसत होतं. विचार एका बाकावर आणि प्रचारक दुसऱ्या बाकावर, अशी वेळ आली. कॅलिंग्टनच्या शेतकऱ्याला स्वस्त पावाचं भाषण ऐकवणं म्हणजे त्याला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवणं. तो विकणारा होता.

चौथ्या पर्यायाबद्दल मी अजून माझ्याशीच वाद घालतो. 1932 च्या हिवाळ्यात बॉडमिनमध्ये पोटनिवडणूक झाली असती तर फुट हरलेही असते. पण तेव्हा बागायतदाराला शुल्काचा फायदा पुरता कळलेला नव्हता, दूध मंडळ यायचं होतं, रॅथबोन यांनी घरं पालथी घातली नव्हती, आणि राजीनाम्याची ऊब ताजी होती. 1935 पेक्षा ती लढत त्यांना नक्की सोपी गेली असती. भारत समितीचं सदस्यत्व मात्र हरले असते तर गेलं असतं. तिथे मी, एक मराठी वाचक म्हणून, अडखळतो. बॉडमिनच्या हिताचा निर्णय आपल्याला कदाचित महागात पडला असता.

नंतर

रॅथबोन डिसेंबर 1940 मध्ये हवाई दलात लढताना मारले गेले. फुट 1945 मध्ये टॅव्हिस्टॉकला उभे राहिले आणि हरले. त्याच वर्षी प्लिमथने, बॉम्बहल्ल्यांत बेचिराख झालेल्या त्या गावाने, त्यांना लॉर्ड मेयर केलं. पेन्क्रेबारच्या घरात खोल्या, जिने, बोळ पुस्तकांनी भरत गेले. सुमारे 70,000 ग्रंथ, त्यांत शेकड्याने बायबलं आणि क्रॉमवेलच्या काळातली पत्रकं. नवा करार मुळातून वाचता यावा म्हणून ते ग्रीक शिकले होते. 13 डिसेंबर 1960 रोजी ते गेले आणि ग्रंथसंग्रह कॅलिफोर्निया विद्यापीठाने विकत घेतला.

बॉडमिनची जागा परत मिळवायचा प्रयत्न त्यांच्या आणखी एका मुलाने, जॉनने, 1945 आणि 1950 मध्ये केला. दोन्ही वेळा अपयश आलं. तिथून पुन्हा लिबरल खासदार निवडून आला तो 1964 मध्ये. टेमारवरचा रस्त्याचा पूल तेव्हा तीन वर्षांचा झाला होता.